हलकी बंदूक

आमच्या पुतण्याचें पत्र आलें. पत्र म्हणजे आजकालचें पत्र. तें टपालानें येत नाहीं, खिशांतल्या फोनवर उजळतें आणि वाचून संपण्यापूर्वींच दुसऱ्या पत्राखालीं दडपलें जातें. पण हें पत्र आम्हीं दोन दिवस मनांत बाळगलें. पुतण्या अमेरिकेंत कोलोरॅडो प्रांतांत नोकरीस आहे. तेथील नागरिकत्वहि त्यानें घेतलें आहे. सुट्टी मिळाली कीं पाठीवर पिशवी बांधावी आणि डोंगरांत दोनतीन रात्री काढाव्या, हा त्याचा नाद. त्यानें लिहिलें होतें : “काका, पिशवींत मावेल अशी, दोन तुकडे होणारी, हलकी बावीस बोअरची रायफल घ्यायची आहे. ससा, खार एवढ्यापुरतीच. इथें दुकानांत दहा तऱ्हा आहेत. आजोबांची तशीच होती ना? तुम्ही सांगाल ती घेतों.”

वाचकांस हसूं येईल. ज्यानें उभ्या आयुष्यांत इंग्रजी काव्य शिकविण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं, त्याला बंदुकीचा सल्ला विचारणें म्हणजे अत्तरवाल्यास ऐरणीचा भाव विचारण्यापैकींच आहे. परंतु पुतण्याचें अगदींच चुकलें नव्हतें. नांदगांव पेठेंतील आमच्या घरांत तशी एक बंदूक खरोखरच होती; लहानपणीं उन्हाळ्याच्या सुट्टींत तो येई, तेव्हां तिच्याविषयीं प्रश्न विचारून आम्हांस भंडावून सोडी. त्याला ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, त्याचें पत्र आलें त्याच आठवड्यांत त्या बंदुकीचें काय करावयाचें ह्याचा निर्णय आम्हांलाहि करावयाचा होता. वडिलांस जाऊन थोडेच दिवस झाले होते. एक बंदूक घ्यावी कशी आणि एक ठेवावी कीं नाहीं, असे दोन प्रश्न आमच्यापुढें एकदम उभे राहिले. आणि प्रश्न दोन दिसले तरी तो एकच आहे हें कळण्यास आम्हांस कांहीं दिवस लागले.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. बावीस बोअर म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या बावीस शतांश, साडेपांच मिलिमीटरांहून किंचित् अधिक. हिच्या काडतुसास रिमफायर म्हणतात. काडतुसाच्या बुडाशीं जी बारीक कड असते तिच्या पोकळींत पेट घेणारें द्रव्य भरलेलें असतें. बंदुकीची टोंचणी त्या कडेवर आदळली कीं कड चेपते, द्रव्य पेटतें व गोळी सुटते. चेपलेली कड पुन्हां कामास येत नाहीं, म्हणून रिकामें टरफल पुन्हां भरतां येत नाहीं. ह्या कल्पनेचा आरंभ फ्रान्समधील फ्लोबेर ह्यानें १८४५ च्या सुमारास केला. १८५७ मध्यें अमेरिकेंत स्मिथ व वेसन ह्यांनीं बावीसचें आंखूड काडतूस काढलें. आणि आज जगभर चालतें तें ‘लाँग रायफल’ नांवाचें काडतूस १८८७ मधील आहे. त्याची गोळी बहुधा चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमांहून जराशी जास्त. पन्नास काडतुसांची डबी मुठींत मावते. आवाज थोडा, धक्का जवळजवळ नाहींच. सशाएवढ्या प्राण्याला ही पुरेशी, आणि चालणाऱ्याच्या पाठीला सोसवेल इतकी हलकी.

दोन तुकडे होण्याची युक्ति ही प्रवासी माणसाच्या सोयीसाठीं निघाली. सायकल, आगगाडी, होडी ह्यांतून जाणाऱ्यास सव्वा वाराची बंदूक म्हणजे अडचण. १९१४ पासून बेल्जममध्यें तयार होऊं लागलेली जॉन ब्राउनिंगची बावीसची रायफल एक कळ सरकवून पीळ दिला कीं मधोमध सुटते. १९५९ मध्यें आर्मालाइटनें तर अशी रायफल काढली कीं नळी व यंत्र हीं दोन्ही तिच्याच पोकळ दस्त्यांत भरून ठेवावीं, आणि पाण्यांत पडली तर ती तरंगावी. २०१२ पासून रुगर कंपनीची दोन तुकड्यांची रायफल पाठीवरच्या पिशवीसकट विकली जाते. पुतण्यापुढें पडलेल्या दहा तऱ्हांपैकीं मुख्य त्या ह्याच.

आमच्या वडिलांची ह्या कुळांतलीच, पण गरीब शाखेची. ती विंचेस्टरची, एका वेळीं एकच काडतूस घेणारी. गोळी भरून खिट्टी लावली तरी ती उडत नसे. मागची गुंडी हातानें ओढून घोडा चढवावा लागे, मगच चाप उपयोगी पडे. दस्त्याच्या खालच्या अंगास एक मोठ्या डोक्याचा स्क्रू होता. आठ आण्याचें नाणें घालून तो फिरविला कीं नळी व दस्ता वेगळे होत. वडील शाळामास्तर, शिवाय थोडीशी संत्र्याची बाग. रविवारीं सायकलच्या दांडीला घोंगडींत गुंडाळलेले दोन तुकडे बांधून ते पोहऱ्याच्या टेकड्यांकडे जात, असें आई सांगे. त्यांच्या तरुणपणीं तित्तर, लावा, ससा हें वऱ्हाडांत कित्येक घरांचें रविवारचें जेवण असे व त्यांत कोणास कांहीं गैर वाटत नसे.

आम्हांस आठवतें तें १९७९ च्या हिंवाळ्यांतलें. आम्ही नऊ वर्षांचे होतों. बागेंत नवीं कलमें लावलीं होतीं व ससे रात्रीं येऊन त्यांची साल कुरतडीत. एक दिवस दिवेलागणीच्या आधीं वडील बंदूक जोडून बांधावर बसले व आम्ही त्यांच्यामागें बसलों. ससा आला. बार झाला, फटाक्याएवढासुद्धां नव्हे. ससा उंच उडाला, एकदां ओरडला, आणि शेजारच्या तुरींत शिरला. ससा ओरडतो हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. वडिलांनीं कंदील आणून अंधार पडल्यावरहि तासभर तूर धुंडाळली. तो सांपडला दुसऱ्या दिवशीं सकाळीं, बांधाच्या आडोशाला. तो मेला होता. पण मरावयास त्याला किती वेळ लागला असावा, हें त्याच्याभोंवतीं खरडलेल्या मातीवरून नऊ वर्षांच्या मुलालाहि कळत होतें.

वडील कांहीं बोलले नाहींत. घरीं येऊन त्यांनीं नाण्यानें स्क्रू फिरविला. नळी मेणकापडांत गुंडाळून लोखंडी कपाटांत ठेवली, आणि दस्ता माळ्यावर, धान्याच्या कोठीमागें. पुढें परवान्याचें नूतनीकरण आलें कीं ते दोन ठिकाणांहून दोन तुकडे काढीत, दोन वेगळ्या कापडांत नेऊन आणीत, व पुन्हां दोन ठिकाणीं ठेवीत. ती बंदूक घरांत पुन्हां जोडलेली आम्हीं पाहिली नाहीं. प्रवासांत नेतां यावी म्हणून जी युक्ति कारखानदारानें योजिली होती, ती वडिलांनीं न वापरण्यासाठीं वापरली.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. त्यांत तेव्हां लहान शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीनें ती गेली व शिकारीचे परवानेच संपले. त्या संध्याकाळीं वडिलांपाशीं बंदुकीचा परवाना होता. सशाचा होता कीं नव्हता हें आम्हीं त्यांना कधीं विचारलें नाहीं, आणि आतां विचारण्याची सोय राहिली नाहीं.

परवाना माणसाबरोबर संपतो. बंदूक संपत नाहीं. धनी गेल्यावर ती ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसास हवी असेल तर त्यानें आपल्या नांवें अर्ज करावयाचा असतो. आम्ही चौकशीस गेलों. कारकून सौजन्यानें वागला. अर्जाचा कागद पुढें सरकवून त्यानें विचारलें, “सर, प्रयोजन काय लिहूं?”

आम्ही निरुत्तर झालों. पांच अंकी शोकांतिकेचें प्रयोजन आम्ही विद्यार्थ्यांना तासभर सांगूं शकतों. पण पांच पौंडांच्या ह्या वस्तूचें प्रयोजन आम्हांस एका शब्दांत सांगतां येईना. घरीं येऊन १९५९ चा शस्त्रांचा कायदा काढून वाचला. त्याच्या तेराव्या कलमांत सरकारनें परवाना कोणास द्यावा तें सांगितलें आहे. पिकाच्या राखणीसाठीं नांव आहे तें ठासणीच्या बंदुकीचें. बावीसच्या रायफलीचें नांव येतें तें मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदानें निशाणीवर नेम धरण्याच्या सरावासाठीं. लहान शिकार आणि डोंगरांतील मुशाफिरी ह्या पुतण्याच्या दोन्ही प्रयोजनांचा तेथें पत्ता नाहीं. शिकारीला १९७२ चा कायदा आडवा येतो, मुशाफिरीलाहि तोच. अभयारण्यांत लेखी परवानगीवांचून शस्त्र घेऊन पाऊल टाकतां येत नाहीं, मग तें जोडलेलें असो वा पिशवींत दोन तुकडे होऊन निजलेलें असो. मेळघाटांत ससा न मारतां नुसती पिशवी उचलून गेलों तरी गुन्हा तो गुन्हाच. ‘वारसा’ म्हणून मात्र ती ठेवतां आली असती. तेव्हां कायद्यानें आमची सुटका केली नाहीं. निर्णय आमच्याच गळ्यांत राहिला.

त्यांत शेजाऱ्यांनीं भर घातली. आमच्या बागेला लागून त्यांचें वावर आहे. दरवर्षीं हरभरा भरांत आला कीं रानडुकरांचा कळप रात्रींतून येतो, आणि सकाळीं वावर नांगरल्यासारखें दिसतें. रोही येतात ते वेगळेच. ते म्हणाले, “सर, बंदूक जमा नका करू जी. वावरात काहीच नाई ठेवलं डुकरायनं.” आम्हीं त्यांना समजावून सांगितलें कीं, अडीच ग्रॅमांची गोळी डुकराला मारीत नाहीं, जखमी करते. जखमी डुक्कर तुरींत दडून बसतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याची गांठ पडते ती शेंगा तोडावयास गेलेल्या बाईशीं. शिवाय डुकराला मारावयाचें तर वन अधिकाऱ्याची परवानगी पाहिजे. कायद्याचें अकरावें कलम त्यासाठींच आहे. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, “तुमचं बरोबर आहे सर. पण कागद येईपर्यंत डुक्कर थांबते काय?”

ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. ज्याची पोटगी प्राध्यापकाच्या पगारांतून येते त्यानें, ज्याची हरभऱ्यांतून येते त्याला दयेचा उपदेश करणें सोपें असतें, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांची अडचण खरी असली तरी आमची बंदूक तिच्यावरचा उपाय नव्हती. ती तेवढ्या कामाला हलकी होती. आणि येथेंच ‘हलकी’ ह्या शब्दाशीं आम्ही अडलों.

वजनाचा विचार करूं लागलों कीं आम्हांस गाविलगड आठवतो. चिखलदऱ्यास विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही पुष्कळदां गेलों आहों. पाठीवर पिशवी घेऊन चालण्याची गोडी पुतण्यालाहि तेथेंच लागली. १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीनें हा गड घेतला, तेव्हां स्टीव्हन्सनच्या पलटणींनीं अवजड तोफा डोंगरांतून रस्ता करीत गडाच्या उत्तरेस ओढून नेल्या. त्या ओढण्यांत कित्येक दिवस गेले. तोफ डागावी कीं डागूं नये ह्याचा विचार करण्यास त्या लोकांना तेवढे दिवस मोकळे होते. तो त्यांनीं केला नाहीं, ही गोष्ट निराळी. दोन किलोंच्या रायफलीला असा एकहि दिवस मिळत नाहीं. जें सहज उचलतां येतें तें सहज खांद्याला लागतें, आणि खांद्याला लागलेलें सहज उडतें. वस्तु हलकी झाली म्हणजे कृतीहि हलकी झाल्यासारखी वाटते. सशाच्या बाजूनें मात्र तिचें वजन पूर्वींइतकेंच राहतें.

मग आम्हीं पुतण्यास उत्तर लिहावयास घेतलें. त्यानें विचारलें होतें तें टाळून उपदेश करणें बरें दिसलें नसतें. त्याच्या प्रांतांत त्याचा छंद कायदेशीर आहे, आणि तो कसायाकडून आणलेलें मटण आवडीनें खाणाऱ्या आमच्यापेक्षां कमी दयाळू आहे असें मानण्यास कारण नाहीं. म्हणून जें वाचून व लोकांना विचारून समजलें तें लिहिलें.

प्रथम सांधा पाहा. जोडल्यावर नळी दर वेळीं त्याच जागीं बसते कीं केसभर हलते, हें मुख्य. येथला केस पन्नास मीटरांवर चार बोटें होतो. माशी व खांच हीं दोन्ही नळीवरच असतील तर नळी काढली-घातली तरी त्यांचें नातें तुटत नाहीं. दुर्बीण मागच्या पेटीवर बसविली असेल तर प्रत्येक जोडणीनंतर चार गोळ्या कागदावर टाकून मगच रानांत जा. रुगरच्या सांध्याची ढिलाई घेण्यास एक कडी आहे. ती नीट बसवून घे. ब्राउनिंगची देखणी, पण महाग. आर्मालाइटच्या जातीची सर्वांत हलकी, आजच्या बनावटीची सुमारें दीड किलो; पण चढ चढून धापा टाकणाऱ्याच्या हातांत अशी नळी श्वासासरशी डोलते. थोडें वजन हातालाहि हवें असतें. बावीसच्या रायफली काडतुसांच्या बाबतींत लहरी असतात. पांचसहा जातींच्या डब्या आणून कोणती तिला मानवते तें आधीं पाहा. ती सशावर पन्नास मीटरांपलीकडे झाडूं नकोस. पण गोळी तेथें थांबते असें समजूं नकोस. मैलभर धोका, असें डबीवरच छापलेलें असतें. तुझ्या प्रांतांत १९४९ मध्यें वा त्यानंतर जन्मलेल्यास शिकारीचें शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. तो आधीं घे, बंदूक मागाहून. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून बंदूक जवळ बाळगतां येते, शिकार करतां येत नाहीं. नकाशावर हद्द पाहून चाल. ससा सोलतांना हातमोजे घाल. त्याच्या रक्तांतून माणसाला एक वाईट ताप येतो. आणि शक्य तर एका वेळीं एकच गोळी घेणारी घे. दुसरी गोळी तयार आहे हें ठाऊक असलें म्हणजे पहिली निष्काळजीपणें सुटते.

एवढें लिहिलें, पण पत्र धाडलें नाहीं. कांहीं तरी राहिलें असें वाटत होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कपाटांतून नळी व माळ्यावरून दस्ता काढला आणि ठाण्यांत गेलों. वारसाचा अर्ज आम्हीं केला नाहीं. परवान्यावरील आकडा नळीवरील आकड्याशीं ताडून झाला, तेव्हां तेथील तरुण शिपाई म्हणाला, “सर, एकदां जोडून दाखवा, पूर्ण आहे असं लिहावं लागते.” आम्हीं ती कधीं जोडली नव्हती. शिपायानेंच खिशांतून नाणें काढून दिलें. चाळीसाहून अधिक वर्षें जे दोन तुकडे एकमेकांस भेटले नव्हते ते मुकाट्यानें जुळले. स्क्रू काल तेल दिल्यासारखा फिरला. आम्हीं ती क्षणभर हातांत तोलली. शिपायानेंहि घेऊन पाहिली व तो हंसून म्हणाला, “लय हलकी आहे सर, खेळण्यावाणी.”

आम्हीं पावती घेतली व बाहेर आलों. फाटकाशीं हमरस्त्यावरून अमरावतीकडे जाणाऱ्या मालमोटारी धडधडत होत्या. तेथेंच उभें राहून आम्हीं पुतण्याचें पत्र उघडलें, आणि आदल्या रात्रीच्या मजकुराखालीं एक ओळ वाढवून तें धाडून दिलें : “बाकी सारें तुझ्या मनाप्रमाणें कर, मात्र जोडावयास थोडा वेळ लागेल अशी घे.”